बोटीतली मुलगी

धाकटा सिनेमा काढायला घरी येतोय हे कळलं, आणि ताईच्या अंगात वारं भरलं. तिने बाबांची खोली झाडून घेतली, गाद्यांना ऊन दाखवलं, खिडक्यांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं, आणि दुकानात पाऊल टाकेल त्या प्रत्येकाला, त्याने विचारलेलं नसताना, सांगून टाकलं. "आमचा धाकटा येतोय. सिनेमा काढतोय. नाचगाण्यांचा नाही हो, साधा, घरगुती. लिहिलाय पण त्यानेच." समोरचा मान डोलवायचा आणि आपल्या फाटक्या ताडपत्रीकडे वळायचा.

ताईचं दुकान बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर होतं. बोटींची आवरणं, ट्रकांच्या ताडपत्र्या, दुकानांपुढची कापडी छपरं, सगळं तिथे शिवून मिळे. बाबांनी समुद्र सोडल्यावर हे दुकान टाकलं होतं. त्यांचे हात थरथरायला लागले तसं ते हळूहळू ताईच्या अंगावर आलं, आणि गेल्या वर्षी बाबा गेले तेव्हा दुकानाचा मालक बदललाय हे गावाला जाणवलंसुद्धा नाही. आई त्याच्या आधीच गेली होती. ताईचा नवरा मालवाहू जहाजावर, वर्षातून दोनदा घरी. आला की पहिले चार दिवस पाहुण्यासारखा वागायचा आणि उरलेले दिवस घरमालकासारखा. एरवी घरात ती आणि तिची नऊ वर्षांची मुलगी. मुलीचे पाय एका जागी ठरत नसत म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत.

आणि भिंतीला भिंत लागून काकू.

काकू म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाची बायको. काका समुद्रात गेला तेव्हा त्यांच्या लग्नाला जेमतेम दोन वर्षं झाली होती. मूल नव्हतं. काकू गावच्या इस्पितळात नर्स होती, ती तशीच राहिली, त्याच दोन खोल्यांत, आणि जेवायला मात्र बाबांकडे. ताईला आणि पाळण्यातल्या धाकट्याला अर्धंअधिक तिनेच वाढवलं. निवृत्त होईपर्यंत गावातल्या जवळजवळ प्रत्येकाच्या दंडात तिने कधी ना कधी सुई खुपसलेली होती, त्यामुळे भलेभले तिच्याशी बोलताना नकळत बाही सावरायचे.

काकाची गोष्ट गावाला पाठ होती. बाबा आणि काका बोट घेऊन गेले होते. परतताना समुद्र फिरला, आणि नेमकं जाळं पंख्यात गुंतून इंजिन बंद पडलं. मागे दोराने बांधलेली छोटी होडी होती, काका तिच्यात उतरला, पंखा मोकळा करायला. लाट आली, दोर तुटला, होडी काकासकट खडकांकडे गेली. बाबा अंधार पडेपर्यंत भावाला शोधत फिरले आणि एकटे परतले. पुढच्याच महिन्यात त्यांनी बोट विकली. इतकं लावून घेतलं माणसाने, असं गाव म्हणायचं, आणि बाबा रस्त्याने चालले की लोक बोलणं थांबवून वाट द्यायचे.

धाकट्याला हाच सिनेमा काढायचा होता.

तो आला तो एक टेम्पो आणि दहा-बारा माणसं घेऊन. दुपारपर्यंत घर ओळखू येईनासं झालं. बैठकीत पेट्या, जिन्यावर वायरी, न्हाणीघरात कुणाचा तरी हिरवा टूथब्रश. कॅमेरावाली म्हणून एक उंच, अबोल बाई होती, ती खोल्याखोल्यांतून फिरून भिंतींवर हात ठेवून बघायची, जणू भिंतींना ताप आहे. बाबांचं काम करायला आणलेला नट खरं तर बाबांसारखा मुळीच दिसत नव्हता. पण त्याने बाबांचा जुना कोट चढवला आणि आरशासमोर खांदे पाडून उभा राहिला, तेव्हा ताई पाण्याचा तांब्या घेऊन चालली होती ती तिथेच थबकली.

तिला एकूण मजा वाटत होती. खिडक्या बंद करायला काळं कापड हवं म्हणाले, तिने दोन दिवसांत सगळ्या खिडक्यांच्या मापाचे पडदे शिवून दिले, कडेला पितळी रिंगा ठोकून. धाकटा म्हणाला, "ताई, एवढं पक्कं कशाला, आठवड्याचं काम आहे." ती म्हणाली, "मला कच्चं शिवता येत नाही."

भिंगरीला सिनेमात घ्यायचंय, हेही त्याने असंच जाता जाता सांगितलं. ताईला वाटलं, गल्लीतून पळणारी वगैरे मुलगी असेल. ती हो म्हणाली.

तालीम बैठकीत चालली होती. ताई आतल्या खोलीत बसून एका पडद्याची राहिलेली कड हाताने शिवत होती, दार उघडं होतं. खुर्च्या उलट्या ठेवून बोट केली होती. धाकटा सांगत होता, "हे बघ भिंगरे, हे तुझे बाबा. तिकडे मागच्या होडीत तुझा काका आहे. होडीत पाणी भरतंय, आणि होडी आपल्या बोटीला मागे खेचतेय. बाबांच्या हातात सुरी आहे. त्यांनी दोर कापला तर काका जाईल, नाही कापला तर सगळेच जातील. तू फक्त कठडा धरून बसायचं आणि बघायचं. बोलायचं काही नाही."

"मी बोटीत कशी आले?" भिंगरीने विचारलं.

"शाळा बुडवून. हट्ट केलास, म्हणून बाबांनी नेलं."

ताईची सुई चालत राहिली. कापडातून बाहेर आली, परत आत गेली, आणि बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं की सुईत दोराच नाही.

कारण बोटीत मुलगी होती. हट्ट करून, शाळा बुडवून आलेली, दहा वर्षांची. त्या दिवशी शाळेत निरोप गेला होता की तिला ताप आहे, आणि संध्याकाळी बाबांनी तिला बंदराच्या अलीकडे, बोटी दुरुस्त करायच्या शेडमागे उतरवलं, तिचे खांदे धरले आणि म्हणाले, "तू घरीच होतीस. तुला ताप होता. कळलं?" ती मागच्या गल्लीने ओल्या कपड्यांनी पळत आली. आईने एक शब्द न विचारता तिचे केस पुसले आणि तिला पांघरुणात घातलं. त्यानंतर त्या घरात तिघांनी त्या दिवसाविषयी आपसातसुद्धा कधी तोंड उघडलं नाही. ताईने नवऱ्याला सांगितलं नव्हतं. पुष्कळदा ती स्वतःलाही सांगत नसे.

संध्याकाळी तिने धाकट्याला स्वयंपाकघरात गाठलं.

"ती मुलगी कुठून आणलीस?"

"कुठली?"

"बोटीतली. बोटीत मुलगी नव्हती."

"अगं, सिनेमा आहे तो. दोन बाप्ये आणि एक दोर, एवढ्यावर माणसं किती वेळ बघणार? लहान पोर असलं की बापाला निवड करावी लागते."

"आणि दोर कापला म्हणजे काय? दोर तुटला होता. बाबांना तू खुनी ठरवतोस?"

"मी कुणाला काही ठरवत नाहीये." धाकटा चिडला नाही, उलट खुर्ची ओढून बसला आणि तिच्याकडे निरखून बघायला लागला, आणि तेच तिला नको होतं. "नावं बदललीयत, काळ बदललाय. ताई, तुला एवढं का झोंबतंय?"

"भिंगरी नाही करणार."

"काल हो म्हणालीस. ती नाचतेय घरभर." मग तो जरा थांबून म्हणाला, "आणि खरं सांगू, मुलगी मला सुचलेली नाही. काकूने सुचवली. मी तिला लिहिलेलं वाचून दाखवलं, तर म्हणाली, बोटीत एक पोर ठेव, मग जमेल तुझं."

ताईने धाकट्याला पाठ करून उगाच नळ सोडला. नाही म्हणावं तर कारण द्यावं लागेल, आणि कारण एकच होतं. नळ बंद करून ती म्हणाली, "कर काय करायचं ते. पण पोरीला सर्दी झाली तर तुला बघून घेईन."

पुढचे दोन दिवस ती काकूला टाळत राहिली. भिंतीला भिंत असताना ते सोपं नसतं. पलीकडे काकूने कप विसळला तरी इकडे ऐकू यायचा. काकू रोजच्यासारखी आली, रोजच्यासारखी बसली, चहात बिस्कीट बुडवून म्हणाली, "चिमे, डोळ्याखाली काळं आलंय तुझ्या. झोपत नाहीस?" लहानपणापासून ती ताईला चिमीच म्हणायची. ताई म्हणाली, "काम आहे." काकू म्हणाली, "हो, काम तर आहेच." दोघींमधलं हे एवढंच बोलणं ताई दिवसभर उलटसुलट करून बघत राहिली.

बोटीचं शूटिंग बंदराच्या आतल्या अंगाला होतं, जिथे पाणी डबक्यासारखं शांत असतं. तिथे वादळ आणायचं म्हणजे काय, ते बघायला अर्धं गाव धक्क्यावर जमलं. दोन माणसं कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून बोट हलवत होती, दोघं बादल्यांनी पाणी मारत होते, एक पाइपाने पाऊस पाडत होता. बर्फाच्या कारखान्याचा मालक, ज्याला सगळे बर्फवाला म्हणत, तो मोठ्याने म्हणाला, "एवढ्याशा पाण्यात बुडायला भारीच मेहनत लागते बुवा," आणि लोक हसले. ताईलाही हसू आलं असतं. ती पायऱ्यांवर टॉवेल घेऊन उभी होती.

काकूने घरून घडीची खुर्ची आणली होती. ती मांडून ती बसली ती अशी, की बोट तिच्या डाव्या हाताला आणि ताई अगदी समोर. सगळं गाव बोटीकडे बघत होतं. काकू ताईकडे बघत होती.

पहिल्या वेळी नटाच्या हातून सुरी निसटली. दुसऱ्या वेळी भिंगरीच्या नाकात पाणी गेलं, ती खोकत सुटली, ताई खाली धावली, तर पोरगीच म्हणाली, "आई, तू जा ना, मला येतंय." तिसऱ्या वेळी बादलीवाल्यांना चेव चढला. मागची होडी खरोखरच निम्मी भरली, तिचा दोर ताठ झाला, बोटीची मागची बाजू खाली बसली. नट सुरी घेऊन दोरापाशी गेला आणि थांबला. तो चांगला नट होता. तो थांबला, आणि त्याच्या चेहऱ्यावर ते सगळं आलं जे यायला हवं होतं, आणि तो थांबूनच राहिला. तेवढ्यात एक अख्खी बादली भिंगरीच्या पाठीवर आदळली. गार पाणी, हलणारी बोट, आणि हा माणूस नुसता उभा. तिने काही न बोलता बसायचं होतं. ती जिवाच्या आकांताने ओरडली, "बाबा, कापा ना. पाणी आलं. कापा."

नटाने दोर कापला. होडी सुटली. धाकट्याला 'कट' म्हणायचंही भान राहिलं नाही. मग धक्क्यावर कुणीतरी टाळी वाजवली, आणि सगळेच वाजवायला लागले.

ताई पायरीवर बसली होती. कधी बसली ते तिला कळलं नाही. टॉवेल पाण्यात पडला होता. कुणीतरी म्हणालं, उन्हाने चक्कर आली असेल, कुणीतरी पाणी आणलं. तिने डोकं वर केलं तेव्हा काकूची खुर्ची रिकामी होती.

भिंगरीला कोरडं करून, तिला कॅमेरावालीच्या ताब्यात देऊन ताई काकूच्या दारात गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. काकू स्वयंपाकघरातल्या छोट्या टेबलाशी बसली होती, हात टेबलावर सपाट ठेवून, इस्पितळात पेशंटच्या नातेवाइकांशी बोलताना बसायची तशी.

"बस," ती म्हणाली.

ताई बसली.

"त्या दिवशी सकाळी तुझी आई म्हणाली, चिमीला ताप आहे. मी दुपारची सुटी झाल्यावर इस्पितळातून औषध घेऊन आले. आई मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. मी सरळ आत गेले. पांघरुणाखाली उशी होती." काकूचा आवाज अगदी साधा होता. "मला हसू आलं. म्हटलं, पोरगी आईला फसवून उंडारायला गेली. चुगली करायला नको, मार बसेल, म्हणून औषध घेऊन तशीच परत आले. संध्याकाळी ती बातमी आली. आणि घर माणसांनी भरलेलं असताना तुझी आई म्हणाली, मुलगी दिवसभर तापाने फणफणलीय, तिला कुणी उठवू नका. मी तिच्याकडे बघत होते. मला कशाचाच अर्थ लागत नव्हता, पण एवढं कळलं की काहीतरी लपवलं जातंय, आणि ते माझ्यापासून."

"मग इतकी वर्षं विचारलं का नाहीस?"

"विचारून जाणार कुठे होते? मला माहेर नव्हतं. तुमच्याच ताटात जेवत होते. तू रात्री माझ्या कुशीत येऊन झोपायचीस, झोपेत दचकायचीस. विचारलं असतं तर भावोजींनी सांगितलंही असतं कदाचित. मग मी त्या ताटावर कशी बसले असते?" ती थांबली. "आधी वाटलं, तू मोठी झालीस की तूच सांगशील. मग वाटलं, भावोजी जाण्याआधी सांगतील. ते गेले. आता मी पण काही कायमची नाही. धाकट्याने वाचून दाखवलं तेव्हा म्हटलं, बोटीत एक पोर ठेवून तरी बघू."

ताईजवळ एक वाक्य तयार होतं. खूप वर्षांपूर्वीच तयार केलेलं, मनात इतक्या वेळा घोळवलेलं की कधी कधी तिला ते खरंच वाटे. काकानेच सांगितलं. काकानेच ओरडून सांगितलं, दादा, काप, पोरीला वाचव. किती सोपं होतं. काकूला एक शूर नवरा मिळाला असता, बाबांना सुटका, आणि तिलाही. तिने तोंड उघडलं.

काकू तिच्याकडे बघत होती. चार्टवर ताप लिहून घेण्याआधी थर्मामीटरकडे बघावं, तशी. चांगलं किंवा वाईट नाही, फक्त बरोबर आकडा हवा, अशी.

"बाबांनी दोर कापला," ताई म्हणाली. "तुटला नव्हता. काकाने जाळं सोडवलं होतं. मग एक लाट होडीत भरली, आणि मग दुसरी. होडी आम्हाला मागून खाली ओढायला लागली, बोटीत पाणी यायला लागलं. काका होडीत गुडघ्यांवर होता, दोराला धरून स्वतःला ओढत होता. बाबांनी सुरी काढली. पण ते कापत नव्हते. ते नुसते उभे होते."

"आणि?"

"आणि मी ओरडले. बाबा, कापा. दोनदा ओरडले, का तीनदा. मग त्यांनी कापला."

पलीकडच्या घरात कुणीतरी पेटी सरकवत होतं.

"तू आज ऐकलंस ना भिंगरीचं," ताई म्हणाली, आणि लगेच तिला स्वतःची लाज वाटली, कारण त्यात माफीची याचना होती आणि ती पोरीच्या आडून केलेली होती.

काकूने ती कानाआड केली. "तो काही म्हणाला?"

"तोंड हललं त्याचं. मला ऐकू नाही आलं."

"भावोजींकडे बघत होता?"

ताईला इथे तरी खोटं बोलता आलं असतं. "नाही. माझ्याकडे."

काकूने मान हलवली, थोडीशीच. मग उठली, टेबलावरचा कप उचलून बेसिनमध्ये ठेवला, आणि पाठमोरीच म्हणाली, "भिंगरीच्या केसांच्या मुळाशी ओल राहील बघ. नीट पूस. छातीत भरेल तिच्या."

"काकू—"

"आता जा तू, चिमे."

ताईने त्याच दिवशी धाकट्याला सगळं सांगितलं. दुकानात, शटर अर्धं ओढून. तो ताडपत्रीच्या गठ्ठ्यावर बसून ऐकत होता. सुरुवातीला तो मध्येमध्ये "थांब, थांब" म्हणत होता, मग गप्प झाला. सांगून झाल्यावर तो म्हणाला, "शाळेत मी बाबांच्या नावावर किती भाव खाल्लाय. समुद्रात भावाला शोधत फिरलेला माणूस." मग म्हणाला, "म्हणजे मी जे खोटं म्हणून लिहिलं..." तो रडला, लहानपणी रडायचा तसा, नाक वर ओढत. ताईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तिला वाटलं, झालं, निदान हा तरी आता आपल्या बाजूला आला.

पण दुसऱ्या दिवशी तो परत दुकानात आला, आणि त्याच्या डोळ्यांत ताईला ते दिसलं जे सिनेमावाल्यांच्या डोळ्यांत असतं. "ताई, तो तिसरा टेक. भिंगरी ओरडते तो. मी ठेवू का?"

तिने यंत्र थांबवलं.

"ते भिंगरीचं आहे," तो घाईघाईने म्हणाला. "तुझं म्हणून नाही. कुणाला काही कळणार नाही."

"मला विचारू नकोस. जिचा माणूस गेला तिला विचार."

तो गेला. परत आला तेव्हा त्याचं तोंड उतरलेलं होतं. "ठेव म्हणाली."

"अजून काय म्हणाली?"

"म्हणाली, जाताना दार लावून घे."

सिनेमावाले गेले. काळे पडदे ताईने उतरवून घड्या घातल्या. आणि घर इतकं शांत झालं की तिला पलीकडचा कप रोज ऐकू यायला लागला. काकूने चहाला येणं बंद केलं. दारात भेटली तर बोलायची, पण शेजारणीशी बोलावं तसं: पाणी आलं का, कचऱ्याची गाडी गेली का. चिमी म्हणायची नाही. भिंगरी मात्र दोन्ही घरांत पूर्वीसारखीच भिरभिरत होती. "काकूआजी तुझ्यावर रागावलीय का?" तिने एकदा विचारलं. ताई म्हणाली, "माहीत नाही." आणि ते खरं होतं. रागावली असती तर ताईला ते चाललं असतं. राग माणूस कधीतरी काढतो. काकूचं हे काहीतरी वेगळंच होतं, आणि ताईचं मन दिवसभर त्या भिंतीला कान लावून असायचं. शिवणीत चुका व्हायला लागल्या. एका बोटीचं आवरण तिने उलटं शिवलं, बोटवाल्याने हसून परत आणून दिलं, आणि ती त्याच्यासमोर रडली. तो बिचारा आवरण तिथेच ठेवून पळाला.

थंडी सुरू झाली तेव्हा धाकटा सिनेमा घेऊन आला. गावाला आधी दाखवायचा, असं त्याने कबूल केलं होतं. शाळेच्या हॉलमध्ये पडदा लावला. खुर्च्या कमी पडल्या. काकू आली, आणि दोन ओळी पुढे, कडेला बसली. ताईला तिची मान तेवढी दिसत होती. दोर कापायचा प्रसंग आला, भिंगरीचा आवाज हॉलभर घुमला, आणि ती मान जराही हलली नाही. भिंगरी स्वतः मात्र ताईच्या मांडीत तोंड खुपसून लाजत होती.

दिवे लागल्यावर लोक धाकट्याभोवती गोळा झाले. कौतुक झालं, थोड्या चुका काढून झाल्या. बर्फवाला गर्दीतून ताईपाशी आला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. तो बाबांना मानायचा, आणि म्हणूनच तो नाराज होता.

"सिनेमा छान आहे," तो म्हणाला. "पण पोरगी कशाला घुसडली मध्ये? आणि दोर कापला म्हणे. तुमचे बाबा एकटे आले होते त्या दिवशी, मी स्वतः त्यांना धक्क्यावर हात दिलाय. उद्या बाहेरची माणसं बघतील, त्यांना हेच खरं वाटेल. मेलेल्या माणसाची अब्रू असते की नाही?"

ताईला हो-हो म्हणून पुढे जाता आलं असतं. तिने भिंगरीचा हात सोडला.

"बोटीत मुलगी होती," ती म्हणाली. "मी होते. बाबांनी मला शेडमागे उतरवलं आणि मग ते धक्क्यावर आले. दोर त्यांनी कापला. मी सांगितलं म्हणून कापला."

जवळची दोन-चार माणसं बोलता बोलता थांबली. मग त्यांच्या मागची. बर्फवाला हसायच्या बेतात होता, पण तिचा चेहरा बघून त्याचं हसू तोंडातच राहिलं. "काहीतरीच काय," तो म्हणाला. "तुम्हाला तर ताप होता. सगळ्यांना माहितीये."

"नव्हता ताप."

हे ताई बोलली नव्हती. लोकांनी वळून बघितलं. काकू खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. "मी नर्स होते ह्या गावात," ती बर्फवाल्याला म्हणाली, "आणि मी सांगतेय, हिला ताप नव्हता. ही घरात नव्हती." मग तिने शाल सारखी केली आणि दाराकडे चालायला लागली. लोकांनी वाट दिली.

ताई भिंगरीला घेऊन मागोमाग बाहेर पडली. पाठीमागे हॉलमध्ये आवाज सुरू झाला होता, आणि तो कित्येक महिने थांबणार नाही हे तिला ठाऊक होतं. उद्यापासून दुकानात येणारा प्रत्येक माणूस तिच्याकडे नव्याने बघेल. काही येणारच नाहीत. तसं झालंही. बाबांच्या वेळची दोन जुनी गिऱ्हाइकं तुटली ती तुटलीच, आणि बर्फवाला वर्षभर समोरून येताना रस्ता बदलायचा.

शाळेपासून घरापर्यंतच्या उतारावर काकू पुढे, या दोघी मागे, अशा तिघी चालल्या होत्या. वळणापाशी काकू थांबली. ताई जवळ येईपर्यंत तिने वाट बघितली, पण तिच्याकडे बघितलं नाही. समोरच्या बंद दुकानाकडे बघत म्हणाली, "त्याच्या अंगात तो निळा स्वेटर होता का? मी विणलेला?"

ताईने डोळे मिटले. लाट, दोर, गुडघ्यांवर बसलेला माणूस. "नाही. काढून ठेवला होता. ओला होईल म्हणून. बोटीत होता."

"मग कुठे गेला तो?"

"बाबांनी मला त्यात गुंडाळलं होतं. नंतर आईने जाळला असेल. मला माहीत नाही."

काकू चालू लागली. घराशी आल्यावर तिने कुलूप काढलं, आत गेली, दार लावलं. शुभरात्री वगैरे काही नाही.

पण त्या आठवड्यात एका दुपारी ती दुकानात आली. शिवणयंत्र बंद होण्याची वाट बघत दारात उभी राहिली, आणि म्हणाली, "सकाळी निघताना तो काही खाऊन निघाला होता का? माझी सकाळची ड्यूटी होती." ताईने आठवून सांगितलं. काकू गेली. चार दिवसांनी परत आली. होडी किती वेळ दिसत होती, हे तिला हवं होतं. पुढच्या खेपेला, भावोजी परतताना काही बोलले का. जेवढं ताईला माहीत होतं तेवढं ती सांगायची, जे माहीत नव्हतं तिथे माहीत नाही म्हणायची. काही प्रश्नांनंतर काकू लगेच जायची, काहींनंतर ताडपत्रीच्या गठ्ठ्यावर टेकायची. एकदा तिने न बोलता पितळी रिंगांचा डबा ओढून घेतला आणि लहानमोठ्या रिंगा वेगळ्या करत बसली, दुकान बंद व्हायच्या वेळेपर्यंत. ताई यंत्र चालवत होती. पुढचा प्रश्न कधी येईल, आणि कोणता, हे तिला कधीच आधी कळत नसे.